बोट ठेवलेलं पान

धर्माजीनं चार दिवसांत गोठ्याची एकच भिंत तीनदा उतरवली आणि तीनदा चढवली. दगड तेच, माती तीच, आणि भिंतीला मुळात काही झालेलंच नव्हतं. सून हर्षाली ओट्यावरून बघायची, चहा ठेवायची, काही बोलायची नाही. बोलला तो सावळाराम. त्याचं टोमॅटोचं रान धर्माजीच्या घराला लागून. येडगावचं धरण व्हायच्या आधी दोघं पोरं कुकडीत एका डोहात डुंबलेली, त्यामुळं त्याला कसलीच भीड नव्हती.

"धर्मा, भिंत लई द्वाड निघाली म्हणायची. एका जागी ठरंना."

"एक दगड हलत व्हता."

"दगड न्हाई हलत. तू हलतुयास. बुधवारपास्नं बघतुय मी."

धर्माजीनं हातातला दगड खाली ठेवला, पुन्हा उचलला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, उभा जन्म गवंडीकामात गेलेला. हात रिकामे राहिले की त्याला ते दुसऱ्याचेच वाटत.

बुधवारी दुपारी केनियातून फोन आला होता, तेव्हापासून हे चाललं होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी मिशनच्या लोकांनी त्याला तिकडं नेलं ते दगडाचं काम येतं म्हणून. एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावात प्रार्थनामंदिर बांधायचं होतं. पाळकसाहेब उपदेश करणार, धर्माजी भिंती उभारणार, दोन वर्षांत परत, असं ठरलेलं. आठव्या महिन्यात पाळकसाहेबांना हिवतापानं असं धरलं की त्यांना उचलूनच विमानात घालावं लागलं. भिंती तेव्हा खिडक्यांच्या वर आल्या होत्या. मिशनचा निरोप आला, तुम्हीही निघून या. धर्माजी बायकोला म्हणाला, "ठकू, अर्धी भिंत टाकून गवंडी जात न्हाई." ठकूबाई म्हणाली, "मग पत्रं चढवू आन् जाऊ." पत्रे चढायला वर्ष लागलं आणि निघायला चौदा.

कारण पत्रे चढले तशी रविवारी गावातली नऊ-दहा माणसं आत येऊन धर्माजीच्या तोंडाकडं बघत बसू लागली. उपदेश कुणी करायचा? धर्माजीला तर एक अक्षर येत नव्हतं. पण लहानपणापासून दर रविवारी उपासनेत मागच्या सतरंजीवर बसून ऐकलेलं सगळं पाठ होतं. तो शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचा, पानावर बोट ठेवायचा आणि आठवेल ते मोडक्या स्वाहिलीत सांगायचा. लोकांना वाटायचं, बाबा वाचतोय. त्यानं तसं वाटू दिलं.

मग आकिनीचा नवरा सरोवरात बुडाला. पदरात तीन पोरं, धाकटा ओवीनो दोन वर्षांचा, दारात एकच गाय. त्या भागात मयताला आलेल्यांना मयताच्या घरानं जेवू घालायचं अशी रीत, आणि माणसं आठ-आठ दिवस राहायची. धर्माजी पोचला तेव्हा आकिनीचे दीर गाईचं दावं सोडून तिला झाडाखाली कापायला नेत होते. आकिनी दारात बसून नुसती बघत होती.

आपल्याकडं मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी करून नेतात, घरच्यांना आग्रहानं दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. धर्माजीला त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही. तो गाईच्या आडवा उभा राहिला आणि म्हणाला, मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, देवाचा हुकूम आहे.

"कुठं आहे?" थोरल्या दिरानं विचारलं.

धर्माजीच्या काखेत शास्त्र होतं. त्यानं ते मधूनच उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. "इथं."

दीर पुस्तकाला बिचकले. गाय वाचली. ठकूबाईनं आणि आणखी तिघींनी मक्याच्या पिठाची उकड रांधून टोपल्यांतून आणली. त्या गाईच्या दुधावर आकिनीची तिन्ही पोरं वाढली. पुढं जिथं मयत होई तिथं, घर प्रार्थनामंदिराच्या मंडळीतलं असो नसो, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन हजर होऊ लागल्या. धर्माजीच्या उपदेशानं किती माणसं आली ते देव जाणे, पण टोपल्यांच्या मागून मात्र आली. नऊची नव्वद झाली, नव्वदाची चारशे. आकिनीला मंडळीनं वडीलपण दिलं, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांत जागा. बाईमाणसाला तो मान त्या गावात पहिल्यांदा मिळाला.

ठकूबाई चौथी शिकलेली. तिनं धर्माजीला बांधकामाच्या फळीवर कोळशानं अक्षरं काढून शिकवलं. शेहेचाळिसाव्या वर्षी तो आपलं नाव लिहायला लागला, आणि पुढच्या पाच वर्षांत सगळं शास्त्र बोटानं ओळ धरून वाचून काढलं. शेवटचं पान संपलं त्या दिवशी तो म्हणाला, "ठकू, कुटंच न्हाई."

"काय?"

"कडू घास. चूल पेटवू नका म्हणून कुटंच लिवलेलं न्हाई."

"मग सांगा त्यांना."

"सांगतो."

त्याला वीस वर्षं झाली. दोघं परत आली, ठकूबाई इथल्या मातीत गेली, आणि सांगायचं ते राहिलंच.

बुधवारी आकिनीनं फोनवर नेहमीसारखं आधी तेच विचारलं. बोलणं सगळं स्वाहिलीत, पण तिचा आवाज असा की मराठीतच बोलतेय असं वाटावं.

"बाबा, जिवंत आहेस का?"

"अजून आहे."

"बरं झालं. तुझ्याकडं काम आहे. पान कितवं ते सांग."

मासळीचा एक मोठा व्यापारी वारला होता, मंडळीतलाच. सोमवारी दफन. पोरांनी मांडव सांगितला, भोंगे सांगितले, तीन बैल आणून बांधले. आकिनीनं जाऊन बजावलं की चूल पेटायची नाही, टोपल्या आम्ही आणू. पोरं पाळकाकडं गेली. आणि पाळक म्हणजे कोण, तर आकिनीचा धाकटा ओवीनो, शहरात पाच वर्षं शिकून गेल्याच साली परत आलेला.

"मला म्हणतो, आई, वचन दाखव. मी म्हटलं, मला वाचता येत नाही, पण मी पाहिलंय. बाबानं बोट ठेवलं तेव्हा मी दारात होते. तर रविवारी उपासना झाली की सगळ्यांसमोर तुला फोन लावायचं ठरलंय. वचन निघालं तर चूल पेटणार नाही. नाही निघालं तर मी वडीलपण सोडायचं."

"श्रीमंताच्या घरी एक दिवस चूल पेटली तर काय बिघडतं, आकिनी?"

"त्याचं काही नाही बिघडत. पुढच्या महिन्यात एखादी विधवा असेल. तिचे दीर म्हणतील, त्यांनी तीन बैल कापले, तू एक गाय काप." मग ती हसली. "तू काळजी करू नको. नुसतं पान सांग."

धर्माजीनं त्याच दुपारी पहिल्यांदा भिंत उतरवली.

शुक्रवारी ओवीनोचा फोन आला. पोरगा नीट बोलला, अदबीनं. "बाबा, आईला वाटतं मी श्रीमंतांच्या बाजूचा आहे. तसं नाही. गेल्या वर्षी इथं एक सून होती, सासरा वारलेला, तान्हं पोर तापानं फणफणलेलं. तिनं पोरासाठी दूध तापवायला चूल पेटवली. आईनं आणि बायकांनी तिला तीन महिने प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. का, तर लिहिलेलं आहे. ती मंडळी सोडून गेली. मी तीनदा सगळं शास्त्र शोधलं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी सगळ्यांसमोर आईची माफी मागेन."

"रविवारी सांगतो," एवढंच धर्माजी म्हणाला, आणि भिंत दुसऱ्यांदा उतरवली.

रात्री जेवताना त्यानं हर्षालीला सगळं सांगितलं. ती नारायणगावच्या शाळेत शिकवायची, हुशार पोरगी. तिनं हात धुऊन फोन घेतला, बोटानं काहीबाही शोधलं आणि दहा मिनिटांत म्हणाली, "आबा, हे बघा. यिर्मयाच्या सोळाव्या अध्यायात आहे. शोक करणाऱ्यांना लोक भाकर देतात त्याचं."

धर्माजीनं आपलं जाडं शास्त्र काढलं आणि बोट धरून तो अध्याय सगळा वाचला. मग मान हलवली. "ही देवाच्या कोपाची गोष्ट हाय, पोरी. असे दिवस येतील की कुणी कुणाला तेवढंबी देणार न्हाई, असं म्हणतोय संदेष्टा. हा हुकूम न्हाई."

"पण म्हणजे त्यांच्यात तशी रीत होती ना? खोटं कुठंय? एवढंच सांगा. त्या मावशींचा मान राहील."

तिनं आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला. धर्माजीनं ती सदऱ्याच्या खिशात घातली. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. चिठ्ठी खुंटीवरच्या सदऱ्यात होती, तरी त्याला ती अंगाखाली टोचत होती.

शनिवारी सकाळी ओढ्यापलीकडचा भिका गेला. म्हातारा झालेला, पण काल पारावर बसून विड्या ओढणारा माणूस. हर्षालीला काही सांगावं लागलं नाही. तिनं परातीत पीठ घेतलं. पाऊण तासात पंधरा भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा ठेचा. दुरडी धर्माजीनं स्वतः उचलली.

वाटेत सावळाराम भेटला. "सुनंनं हमाल केला का रं तुला?"

"चल गप."

भिकाच्या दारात बाया जमल्या होत्या. बौद्धवाड्यातली ज्योत्स्ना वरणाचा डबा घेऊन आधीच आलेली. सावळारामची बायको ठमाबाई भिकाच्या कोंडाबाईला धरून बसली होती. माणसं माती देऊन आली. मग ठमाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि कोंडाबाईच्या तोंडाशी धरला. कोंडाबाईनं तोंड फिरवलं. ठमाबाईनं हात तिथंच ठेवला, बराच वेळ. शेवटी कोंडाबाईनं तो घास घेतला.

धर्माजी जवळ जाऊन हळूच म्हणाला, "ठमाबाई, हे आपुन का आणतो गं?"

"काय?"

"भाकरी. कुणी सांगितलंय असं?"

ठमाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की याला ऊन लागलं की काय. "डोकं ठिकाणावर हाय का, भावजी? तिच्या हातानं आज पीठ मळवंल का? आन् मळ म्हणणारं आपुन कोण?"

तेवढ्यात भिकाची पणती रडायला लागली. सहा महिन्यांचं पोर. तिची आई कावरीबावरी होऊन इकडंतिकडं बघू लागली. ठमाबाई उठली, अंगणात तीन दगड मांडले, काटक्या घातल्या आणि दुधाचं पातेलं ठेवलं.

"अगं, मयताचं घर हाय," कुणीतरी म्हातारी बोलली.

"असू दे. उपास मोठ्यांचा. लेकराला काय कळतंय कोण मेलं त्ये." काटक्या पेटल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

धर्माजी त्या तीन दगडांकडं बघत राहिला. हे ठमाबाईला करता आलं, कारण तिला कुणी पानावर बोट ठेवून सांगितलं नव्हतं. गाय वाचवायला ठेवलेलं बोट त्यानं उचललंच नाही, आणि पंचवीस वर्षांनी ते एका तान्ह्या पोराच्या दुधाच्या आड आलं.

घरी येऊन त्यानं भिंत तिसऱ्यांदा उतरवली. संध्याकाळी बिबट्या हिंडतो म्हणून हर्षालीनं हाका मारल्या, तेव्हा शेवटचा थर बसवून आत आला.

रविवारी दीड वाजता, म्हणजे तिकडं अकराला, फोन आला. हर्षालीनं आपला मोबाइल ओट्यावर तांब्याला टेकवून उभा केला. सावळाराम बोलावलं नसताना येऊन पायरीवर बसला. पडद्यावर ते प्रार्थनामंदिर दिसलं. खिडकीच्या कडेचा एक दगड धर्माजीनं वाकडा बसवला होता, तो अजून तसाच होता. माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढं ओवीनो, पांढरा सदरा घातलेला. बाजूच्या बाकावर आकिनी, डोक्याला निळं फडकं, हात मांडीवर. ती हसली. तिला खात्री होती.

"बाबा," ओवीनो म्हणाला, "सगळे ऐकताहेत. मयताच्या घरी चूल पेटवू नये, हे वचन शास्त्रात कुठं आहे?"

धर्माजीचा हात खिशाकडं गेला. चिठ्ठी बोटाला लागली. आकिनी त्याच्याकडं बघत होती.

"कुठंच नाही," तो म्हणाला.

तिकडं कुणीतरी खाकरलं. ओवीनोनं विचारलं, "बाबा, ऐकू आलं नाही नीट."

"कुठंच नाही. मी त्या दिवशी बोट ठेवलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पान कुठलं होतं मला माहीत नाही. पुढं वाचायला शिकलो, सगळं वाचलं, तेव्हा कळलं की नाही. तरी सांगितलं नाही. वीस वर्षं."

"मग ही रीत कुणाची?"

"माझ्या गावाची. इथं सगळेच करतात. ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध. काल माझ्या सुनेनं केली."

मंदिरात कुजबुज उठली. मासळीवाल्याची पोरं मागं उभी होती, ती एकमेकांकडं बघून हसली. आकिनी हसत नव्हती.

"म्हणजे तू खोटं बोललास," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याशी."

"तुझ्या दिरांशी. पण तूही ऐकत होतीस, म्हणजे तुझ्याशीच. तुझी गाय वाचवायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं, आकिनी. नंतर मात्र सांगायला हवं होतं. त्या सुनेला तुम्ही बाहेर बसवलं, ते माझ्यामुळं. इथं काल लेकरासाठी मयताच्याच अंगणात दूध तापवलं. कुणी काही बोललं नाही. मी तुम्हाला अर्धी रीत दिली आणि वरून हुकूम म्हटलं."

ओवीनोनं मान खाली घातली होती. "कुठली गाय?" त्यानं विचारलं.

आईनं त्याला हे कधी सांगितलं नव्हतं असं दिसलं. पोरांना दूध पाजताना बाया कुठं हिशेब सांगतात.

मग आकिनी उठली. डोक्याचं निळं फडकं सोडलं, घडी घातली आणि ओवीनोपुढं बाकावर ठेवलं. ती वडीलपणाची खूण होती. "हे घे," ती म्हणाली. फोनकडं तिनं पाहिलंही नाही. धर्माजीला वाटलं, भिंत कोसळली ती ही.

कुणीतरी फोन उचलून बाकावर पालथा टाकला. पडदा काळा झाला, आवाज मात्र येत राहिला. फोन बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"गेलं का?" सावळारामनं विचारलं.

"गप."

आपसात ती माणसं स्वाहिली सोडून गावची बोली बोलत, ती धर्माजीला अजून निम्मी समजत होती. बाक सरकले. मोठ्यानं कुणीतरी बैलांचं काही बोललं, मागं हशा पिकला. मग आकिनीचा आवाज आला, रोजच्यासारखा. "उद्या दफन आहे. या पोरांच्या आईनं तीन दिवस काही खाल्लेलं नाही. बैल कापा नाहीतर हत्ती कापा, ती म्हातारी खाणार नाही. मी आत्ताच उकड घेऊन चाललेय. येणाऱ्यांनी यावं."

"आई, आता तू वडील नाहीस," ओवीनो म्हणाला. त्याच्या आवाजात धाक नव्हता.

"टोपली वडीलपणानं उचलत नसतात. मानेनं उचलतात."

पावलं वाजली. धर्माजी फोनला कान लावून बसला आणि मोजू लागला. एक बाई गेली. दुसरी. मग एकदम बरीच माणसं उठली, पण ती बाहेर जेवायला निघाली की टोपल्यांकडं, कसं कळावं? भांड्याचं झाकण वाजल्यासारखं झालं. की पत्रा असेल. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"आबा, बसा ना," हर्षाली म्हणाली.

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग फोन कुणीतरी उचलला. पडद्यावर ओवीनोचा चेहरा अगदी जवळ, घामेजलेला.

"बाबा, अजून आहात का?"

"आहे."

"मला आत्ता बोलता येणार नाही. आई पुढं गेलीय. तुमच्यावर रागावलीय, आज फोन लावू नका." पडदा हलला आणि त्याच्या मानेमागं आभाळ दिसलं, लाल मातीची वाट दिसली, आणि कपाळाच्या वर टोपलीची कड. "फार जड आहे हो ही. बायका कशा नेतात?"

"चुंबळ घे फडक्याची," धर्माजी म्हणाला. "न्हाईतर मान धरंल." घाईत तो मराठीतच बोलला होता. पण फोन तोवर बंद झाला होता.

सावळारामनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "मग? जिकलास का हरलास?"

"कुणास ठावं." धर्माजीनं खिशातली चिठ्ठी काढली, बारीक फाडली आणि पायरीखाली टाकली. मग गोठ्याकडं एकदा बघितलं. भिंत जागच्या जागी होती. त्यानं पायात वहाणा सरकवल्या.

"आता कुठं निघालात आबा, जेवायचं राहिलंय," हर्षाली म्हणाली.

"कोंडाबाईनं सकाळपास्नं काय खाल्लं का बघून येतो. आन् आपली दुरडी तिथंच ऱ्हायलीय."